ताईचा थर

ताई आणि धाकटी मिळून रॅप करायच्या. रजया टांगलेल्या कपाटात तोंड घालून धाकटी आधी अख्खं गाणं रेकॉर्ड करायची. मग त्याच ओळींवर ताई आपल्या आवाजाचा दुसरा थर चढवायची. ओळीचा शेवटचा शब्द ती हमखास रेंगाळत सोडायची आणि धाकटी करवादायची, "ताई, पुन्हा मागे राहिलीस! आता परत टेक घ्या!"

ताई अपघातात गेली. त्यानंतर तीन महिन्यांनी धाकटीने आईच्या कानांना हेडफोन लावला. "आई, कॉम्प्युटरमध्ये आमचं एक जुनं गाणं सापडलं. तू ऐकलं नव्हतंस."

आईने ते तीनदा ऐकलं. मग चाचरत म्हणाली, "तुझा आवाज बंद करता येतो का गं? तिचा एकटीचाच ऐकू दे."

धाकटीने आपला थर बंद केला. आई डोळे मिटून ऐकत राहिली. ओळीचा शेवटचा शब्द रेंगाळला की दर वेळी तिचे ओठ थरथरायचे.

"हीच माझी पोर," आई डोळे पुसत म्हणाली. "काय माया होती गं आवाजात! राग मानू नकोस, पण तिची सर तुला नाही यायची."

"नाहीच यायची," धाकटी म्हणाली.



ताईसारखं मागे रेंगाळायला तिला त्या कपाटात एकटीने एकोणतीस टेक द्यावे लागले होते.