बिनकाट्याची गाडी

भुजंगची नजर पुन्हा आरशात आली आणि आप्पासाहेबांनी बोलणं अर्ध्यावर तोडलं. हातरुमालाची दस्ती मात्र तोंडावर तशीच राहिली. गुपित बोलायचं तर तोंडावर दस्ती, ही त्यांची जुनी खोड. व्यासपीठावर ती दस्ती वर गेली की समोरची माणसं समजायची, आता साहेब खरं बोलतायत.

"काय बघायलास रे?" दस्ती खाली घेत त्यांनी विचारलं.

"काई न्हाई मालक. या गाडीत काटा न्हाई."

"कसला काटा?"

"इंजिनाच्या फेऱ्यांचा. जुन्या जीपला होता की. इंजिन चालू हाय का बंद, हितं समजतच न्हाई. नांदेडात बसवून घ्यावा म्हणतो."

मागच्या सीटवर आप्पासाहेबांशेजारी बसलेला भाचा दयानंद मोबाइलमधून मान वर न काढता हसला. "हायब्रिड हाय ही. इंजिन तिच्या मनानं चालू होतं, तिच्या मनानं बंद होतं. डायवरला काट्याचं कामच न्हाई."

"आन् कान हायेत न्हवं तुला?" आप्पासाहेब म्हणाले.

भुजंग तेव्हा समोरचा ऊस भरलेला ट्रॅक्टर ओलांडत होता. त्यानं उत्तर दिलं नाही. माज, दुसरं काय, असं आप्पासाहेबांना वाटलं.

या माणसाचा त्यांना आता वीट आला होता. बाजार समितीच्या निवडणुकीला आपल्या गटाकडून शांतम्माला उभं करायचं, हे त्यांनी जीपमध्ये बसून ठरवलं, दस्तीआडून दयानंदला सांगितलं, आणि संध्याकाळी ते विरोधी गटाच्या, रेणापूरच्या मल्लिकार्जुनच्या तोंडी होतं. एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण त्यानंतरही प्रत्येक डाव गाडीतून उतरायच्या आधी समोरच्याकडे पोचत होता. गाडीत माणसं तीन. दयानंद तर सख्ख्या बहिणीचा पोरगा. मग राहिला कोण? हाच, दर घडीला आरशात डोळे लावून बसणारा. आज नांदेडला पोचलं की याच्याकडून किल्ली काढून घ्यायची आणि याला बसनं गावी लावून द्यायचं, हे त्यांनी लातूर सोडतानाच मनाशी पक्कं केलं होतं.

चाकूरला चहाला थांबले. "मामा, तुमी घ्या. मी एसीतच बसतो," म्हणत दयानंदनं मोबाइल कानाला लावला. आप्पासाहेब टपरीच्या बाकड्यावर बसले आणि बशीवरून भुजंगवर पाळत ठेवून राहिले. तो गाडीच्या नाकाशी उभा होता.

तेवढ्यात कुणी हात न लावता इंजिन घुर्रर्र करून चालू झालं. टपरीवाला दचकला, बाकड्याखालचं कुत्रं उठून पळालं. भुजंग हातभर अंतरावर होता. त्याची पापणीसुद्धा हलली नाही. थोड्या वेळानं त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला, म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा, आणि मग मान डोलावली.

आप्पासाहेबांचा चहा बशीतच गार झाला.

गाडी अहमदपूर मागं टाकून लोह्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना काढून झालेली सोयाबीनची रानं. आप्पासाहेबांनी दस्ती काढली, तोंडावर धरली आणि म्हणाले, "भुजंगा, गाडी बाजूला घे."

भुजंगची नजर आरशात आली. दस्ती बघितली आणि परत रस्त्याकडे गेली. गाडी आपल्या चालीनं चालत राहिली.

"भुजंगा, गाडी थांबव म्हणतो ना." या वेळी आवाज असा लागला की दयानंदच्या हातातला मोबाइल निसटला. पुढं काही हललं नाही.

आप्पासाहेबांनी दस्ती खाली घेतली. आरशात डोळे यायची वाट बघितली. ते आले, तेव्हा त्यांनी नुसते ओठ हलवले, आवाजाविना. थांबव.

लगेच इंडिकेटर लागला आणि गाडी लिंबाखाली येऊन उभी राहिली.

"काय झालं मालक?" भुजंगनं आरशातून विचारलं. त्याचे डोळे मालकाच्या डोळ्यांवर नव्हतेच, ओठांवर होते. ते ओठ आता काय म्हणतील याची धास्ती त्या डोळ्यांत उघड दिसत होती. आप्पासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे दिवस ज्याला कान लावून बसलेला चोर समजत होते, त्याला गुपित सोडा, गाडीचं इंजिनसुद्धा ऐकू येत नव्हतं. आणि हे कळलं तर भाकर जाईल, म्हणून तो काटा मागत होता.

"काई न्हाई," ते सावकाश, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले. "नांदेडात गेल्यावर काटा बसवून घे. आन् किल्ली तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

भुजंगला शेवटचं वाक्य कशासाठी ते कळलं नाही. पण त्यानं मान डोलावली.

मागं दयानंदनं मोबाइल उचलला आणि पालथा करून मांडीवर ठेवला. "मामा, निघायचं का? उशीर व्हायलाय."

गाडीत तीन माणसं. आप्पासाहेबांनी पुन्हा एकदा मनात मोजली. मग ते भाच्याकडे वळले. दस्तीची घडी सारखी केली आणि सवयीनं तोंडावर धरली.

"दया," ते म्हणाले, "मल्लिकार्जुनला अजून काय काय सांगितलंस?"

इंजिन चालू होतं की बंद, कुणाचंच तिकडं ध्यान नव्हतं. पुढच्या सीटवर भुजंग आरशात बघत दस्ती खाली यायची वाट पाहत बसला होता.