गायत्याचं ऑपरेशन

कुठल्याशा देशाचे राष्ट्राध्यक्ष उपचारासाठी परदेशी गेलेत आणि सारा देश काळजीत आहे, असं रेडिओ सांगत होता. तेवढ्यात इंद्रावती नदीपलीकडून, परराज्यातून, एका गावचा गायता आमच्या दवाखान्यात खाटेवर आला. गायता म्हणजे गावाचा प्रमुख. मागून टोपल्या घेऊन अख्खं गाव आलं.

अपेंडिक्स होतं. ऑपरेशन होईस्तोवर झाडाखालून कोणी हललं नाही. दार वाजलं की सगळे उठून उभे राहायचे.

"वाचले," निशात सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, तशी आरोळी उठली. बायकांनी नाचायलाच सुरुवात केली.

निशातचे डोळे भरले. "किती जीव आहे तुमचा त्यायच्यावर."

"जीव तं आहेच, बाई," गायत्याची बायको बुधरी म्हणाली आणि तिनं टोपलीवरची पानं बाजूला केली. आत पाडाचे आंबे होते. "पण त्यायनं पूजा केल्याबिगर नवा आंबा कोणालेच खाता येत नाई. उठून कधी बसतीन?"

हसत हसत निशातनं रेडिओ बंद केला. त्या राष्ट्राध्यक्षांच्या देशात काय अडून राहिलंय, ते बातमीत सांगितलंच नव्हतं.