व इतर सतरा

"सापडली!" ती एवढ्या जोरात ओरडली, की म्हाताऱ्याच्या नाकावरचा चष्मा पडता पडता वाचला.

म्हातारा मूळचा उपसंपादक. निवृत्तीनंतर वर्तमानपत्रानं त्याला जुन्या अंकांच्या खोलीत बसवलं होतं. खोली कसली, वाळवीचं माहेरघर! तिथं ही नर्स सलग नऊ सुट्ट्या येत होती. बावन्न वर्षांपूर्वी बोगद्याच्या कामावर दरड कोसळली, तेव्हा तिचे वडील पाच वर्षांचे होते. आईबाप दोघंही गाडले गेले. बापाचं नाव विचारलं, तर पोर "अण्णा" एवढंच सांगायचं. आडनाव अनाथाश्रमानं दिलं, जन्मतारीख अंदाजपंचे. ठेकेदार परागंदा झाला, त्याचं दप्तर गडप. आता डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि वडिलांचा एकच धोशा होता, "मी कुणाचा, कुठला, तेवढं कळू दे गं."

एरवी कुणी आलं की म्हातारा कुरकुरायचा. हिच्यासाठी मात्र तो गुडघे दुखत असतानाही शिडीवर चढून गठ्ठे काढायचा. पोरीत त्याचा जीव गुंतला होता.

दोघं पानावर वाकले. पहिलं पान, तळाचा कोपरा. बोगद्याची लांबी दिली होती. पाहणीला आलेल्या मंत्रिमहोदयांचं नाव तर दोनदा होतं. मग 'मृतांची नावे पुढीलप्रमाणे'. त्याखाली मुकादमाचं नाव, गावासकट. आणि पुढं 'व इतर सतरा'. बातमी संपली. खाली साबणाची जाहिरात सुरू.

तिनं पान उलटून पाहिलं, परत सुलटं केलं. "एवढंच? काका, बाकीच्यांची नावं आलीच नसतील का हो?"

म्हातारा तारखेकडे बघत होता. तेव्हा त्याला नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता. ऐन वेळी जाहिरात आली आणि पान बसेना. अशा वेळी बातमी खालून कापायची, कापलेला कागद टोपलीत टाकायचा, हा धंद्याचा रिवाज. "नसतील आली" एवढं म्हटलं असतं, तरी झाकली मूठ राहिली असती. पण त्याला ते जमेना.

"आली होती," तो म्हणाला. "सतराच्या सतरा, गावांसकट. मीच कापली."

आता ही शिव्यांची लाखोली वाहणार, असं त्याला वाटलं. वाहिली असती तर बरंच झालं असतं. पण तिनं घाईघाईनं पर्समधून पेन काढलं आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली. तिचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे ती नावं तुमच्या डोळ्यांखालून गेलीत! आठवा ना काका. नवराबायको असतील, एकाच गावचे. नुसतं गाव आठवलं तरी चालेल. बाबा तेवढ्यावर सुखानं डोळे मिटतील हो."

म्हाताऱ्याला रडू कोसळलं.

"नाही वाचली गं पोरी," तो म्हणाला. "नुसत्या ओळी मोजल्या."