एक सही कमी

“आज सही नाही करणार,” आत्या म्हणाली आणि शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवत राहिली.

गिरणीवाला दारातच थबकला. हातात सह्यांचे कागद, केसांवर, भुवयांवर पीठ. गिरणी बंद ठेवून तो दोन दिवस दारोदार फिरत होता. गावामागची टेकडी फोडून तिथं खडीची खाण काढायचं एका कंपनीनं ठरवलं होतं. सुरुंग लागणार, धूळ उडणार आणि पायथ्याचा झरा आटणार. सगळं गाव त्याच झऱ्याचं पाणी पीत होतं. दोनशे अकरा माणसांनी विरोधाच्या सह्या केल्या होत्या, कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आणि अडून बसली ती त्याची सख्खी आत्या. आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं.

“का गं?”

“वर काहीच लिहिलेलं नाही. मजकूर लिहून आण.”

“मजकूर आपल्या समितीचा सेक्रेटरी टाइप करून घेणार आहे. माझ्यावर भरवसा नाही का तुझा?”

“लिहून आण रे,” आत्या म्हणाली. मशीन पुन्हा खडखडू लागलं.

गिरणीवाल्याच्या ते फार जिव्हारी लागलं. खाणीविरुद्धच्या गाव समितीचा हा सेक्रेटरी त्याचा लहानपणापासूनचा मित्र होता. सह्यांचे कागद पिशवीत घालत तो म्हणाला, “जाऊ दे. एका सहीवाचून काय अडतंय?”

पण गावाचं अडलं. आत्याचा एक जमिनीचा तुकडा टेकडीला लागून होता. तेवढं निमित्त पुरलं. कंपनीनं म्हातारीला गुंडाळलं, असं कुणीतरी म्हणालं, आणि आठ दिवसांत ते सगळ्यांना पाठ झालं. लोकांनी तिच्याकडे कपडे शिवायला टाकणं बंद केलं. पहिल्या वेळी गिरणीवाला अशा बोलण्यावरून एकाशी भांडला. दुसऱ्या वेळी गप्प बसला. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार काय? पुढे समितीच्या बैठकीत कुणीतरी भर सभेत विचारलं, “तुझ्या आत्याचं काय?” तेव्हा तो उठून म्हणाला, “ती माझी कुणी नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तो जेवला नाही. त्यानंतर मात्र खांद्यावर पोतं घेऊन जाताना तो तिची गल्ली टाळू लागला.

दोन महिन्यांनी शाळेच्या मोठ्या खोलीत खाणीच्या परवानगीची सुनावणी झाली. माणसं बाकांवर दाटीवाटीनं बसली होती, उरलेली खिडक्यांतून डोकावत होती. अधिकारी बाईंनी फाइल उघडली.

“गावाचा अर्ज वाचते. आम्ही खाली सह्या करणारे ग्रामस्थ खडीच्या खाणीला संमती देत आहोत. आमची कोणतीही हरकत नाही.”

मागं कुणीतरी हसलं. बाई वाचायला चुकल्या, असंच सगळ्यांना वाटलं. बाईंनी कागद लोकांकडे वळवून सह्या दाखवल्या. गिरणीवाला धावत पुढे गेला. पहिली सही त्याचीच होती. कागदाच्या कोपऱ्यात पिठाचा पुसट अंगठाही होता.

त्यानं वळून सेक्रेटरीच्या खुर्चीकडे पाहिलं. मघाशी पाणी पिऊन येतो म्हणून गेलेला माणूस परत आलाच नव्हता.

मग एकच गलका उठला. कुणी टेबल ठोकलं, कुणी रडू लागलं. बाई शांतपणे सगळं थांबायची वाट बघत राहिल्या.

“फसवणूक झाली असेल तर तक्रार करा. चौकशी होईल, पण तिला महिने लागतील,” त्या म्हणाल्या. “ज्यांची संमती माझ्यासमोर लेखी आहे, त्यांची हरकत आज मला घेता येत नाही. सही न केलेलं गावात कुणी आहे? एकाचीही लेखी हरकत आली तर परवानगी थांबेल. नाहीतर मला फाइल पुढे पाठवावी लागेल.”

हळूहळू सगळ्यांच्या माना मागं वळल्या. शेवटच्या बाकावर आत्या एकटी बसली होती. एवढ्या गर्दीतही तिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.

गिरणीवाला बाकांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेला. वाटेत त्यानं मनात दहा वाक्यं जुळवली. तिच्यासमोर उभा राहिला तेव्हा त्यातलं एकही उरलं नव्हतं.

“कागद आण,” आत्या म्हणाली.

तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला आणि मांडीवर कागद धरून लिहू लागला. अक्षर वेडंवाकडं येत होतं. लिहून झाल्यावर तिनं ते मोठ्यानं वाचायला लावलं. “झऱ्याचं राहिलं,” ती म्हणाली. त्यानं झऱ्याचं घातलं आणि पुन्हा सगळं वाचलं. मग आत्यानं चष्मा लावला, स्वतः एकेका ओळीवरून बोट फिरवलं, आणि सावकाश सही केली.

बाईंनी तो कागद फाइलला लावला आणि त्यावर शिक्का मारला. “परवानगी स्थगित,” त्या म्हणाल्या. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. माणसं खाली मान घालून एकेक करून बाहेर पडली.

गिरणीवाला तसाच जमिनीवर बसून होता.

“आत्या, मी सगळ्यांसमोर तुला...”

“लिहून आण म्हटलं होतं ना रे?” आत्या म्हणाली. “रोज वाट बघायचे. तू परत आलाच नाहीस.”