पाठिंब्याचं पत्र

"हरकती त्र्याहत्तर," सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी कागदावरून वाचलं. "पाठिंब्याची पत्रं चारशे बारा."

सभागृहात चुळबुळ झाली. चारशे बारा! कसबा पेठेतलं प्रसूतिगृह बंद करा आणि जागा खासगी हॉस्पिटलला द्या, असं म्हणणारी एवढी माणसं पेठेत राहतात तरी कुठे, ते कुणालाच कळेना. सितारानं हातातला अर्ज घट्ट धरला. सव्वीस वर्षं ती तिथे आयाचं काम करत होती. अर्ध्या पेठेला पहिली आंघोळ तिच्या हातची. आणि आता बायकांनी कळा देत येरवड्यापर्यंत जायचं, असं वरती कुणीतरी ठरवत आणलं होतं. आजची सुनावणी शेवटची. आज बोललं नाही तर संपलंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेजारी तिचा नवरा मैनुद्दीन बसला होता. कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणं, हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. सिताराचा अर्जही त्याच्याच हातचा.

"साहेब, एखादं पत्र वाचून दाखवा की," पुढच्या रांगेतून श्रीधर म्हणाला. "लोकांचं म्हणणं लोकांनाही कळू दे."

हा श्रीधर हॉस्पिटलवाल्यांचा माणूस. मंत्र्यांच्या बंगल्यापासून पेठेतल्या मंडळांपर्यंत सगळीकडे त्याची ऊठबस. कुणी तोंडावर दलाल म्हटलं तरी रागवायचा नाही. "दलाल कसला हो? जनतेचा आवाज सरकारच्या कानावर घालतो, इतकंच," असं म्हणून वर चहा मागवायचा. जनतेला आवाज नसला तर तोही तोच पुरवायचा, हे मात्र सांगायचा नाही.

मैनुद्दीन त्याला ओळखत होता. दोन महिन्यांपूर्वी हाच त्याच्या टेबलाशी बसून चाळीस पत्रांचे मसुदे लिहून घेऊन गेला होता. जुना दवाखाना, अडचणीची जागा, बायकांचे हाल. "कुठला दवाखाना?" असं मैनुद्दीननं विचारलं होतं, पण नुसतं विचारायचं म्हणून. नाव-गावाची जागा कोरी सोडायची, ज्याची त्यानं भरायची, ही त्याच्या धंद्याची रीतच. "लांबचा आहे, चाचा," श्रीधर म्हणाला होता, आणि चाचांनी मान डोलावली होती.

साहेबांनी गठ्ठ्यातलं एक पत्र ओढलं. कुणा कॉलेजातल्या मुलीकडून उतरवून घेतलेलं असावं, अक्षर गोल गोल होतं. खाली सही बायडाबाई म्हणून कुणाची तरी.

"'माझं पहिलं मूल कसबा पेठेतल्या प्रसूतिगृहात गेलं,'" साहेब वाचू लागले. "'जिना अरुंद. स्ट्रेचर वळणावर अडकलं ते अडकलंच. वर पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. बाळ निळं पडलं होतं.'"

मैनुद्दीननं चमकून मान वर केली. दवाखान्याच्या नावाची त्यानं सोडलेली कोरी जागा भरली गेली होती.

"'त्याला आता एकतीस वर्षं झाली. मी अजून दर दिवाळीला एक झबलं शिवते आणि कुणाच्या तरी बाळाला देऊन टाकते. का देते, ते कुणाला सांगत नाही.'"

विरोध करायला आलेल्या एका बाईनंच डोळ्यांना पदर लावला. श्रीधरनं मान खाली घातली. हेही त्याला छान जमायचं.

सितारा हलली नाही. झबलं ती ईदेला शिवायची. का शिवायची, ते या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, शेजारी बसलेल्या नवऱ्याला. त्यानं ईदेची दिवाळी तेवढी केली होती. एकोणचाळीस मसुदे झाले होते, चाळिसाव्याला काही सुचत नव्हतं, आणि एकासारखा दुसरा अर्ज लिहिणं म्हणजे त्याच्या धंद्यात नामुष्की. घरातलं दुःख हाताशी होतं, ते उचललं. लिहिताना रडला होता, आणि रडता रडता मनात म्हणालाही होता, वा, काय उतरलंय! आता तोच स्वतःला विचारत होता, कुठे तोंड लपवशील रे मेल्या?

"सितारा मैनुद्दीन तांबोळी," कारकुनानं पुकारलं. "हरकत. बोला."

ती उठली. अर्जात शेवटी लिहिलं होतं, जिना रुंद करा साहेब, पण दवाखाना राहू द्या. तेवढं एक वाक्य वाचलं असतं तरी पुष्कळ होतं. वाच, बाई, वाच, असं मैनुद्दीन मनातल्या मनात हात जोडून म्हणत होता. सितारानं अर्ज उघडला. नवऱ्याच्या त्या वळणदार अक्षराकडे थोडा वेळ बघत राहिली आणि कागद परत मिटला.

"माझं सांगून झालं, साहेब," ती म्हणाली. "आत्ता आपणच वाचलंत."

"अहो, ते तर पाठिंब्याचं पत्र होतं," साहेब गोंधळले. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं. "बाई, आपली हरकत आहे की पाठिंबा? मला कुठल्या तरी एका रकान्यात लिहावं लागेल."

सितारानं नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता, तर तो मैनुद्दीननं सोसला असता.

"यांना विचारा," ती म्हणाली. "माझ्या वतीनं हेच लिहितात."