टॉप मॉडेल

मुलांनो, क्षणभर असं समजा, की तुम्ही मोटारींच्या शोरूममध्ये उभे आहात. समोर एकाच मसल कारची, म्हणजे दणकट इंजिनाच्या वेगवान गाडीची, दोन मॉडेल्स आहेत, पांढरं बेस आणि लालभडक टॉप.

तिथं आलेल्या छोट्या शाल्मलीच्या बाबांनी लाल गाडीत बसून इंजिन सुरू केलं. त्या गडगडाटानं शोरूमच्या काचा थरथरल्या. "ठरलं! घ्यायचं तर टॉपच," बाबा म्हणाले.

शाल्मली आनंदानं मागे डोकावली आणि तिचे डोळे विस्फारले. मागे सीटच नव्हती! नुसता काळा गालिचा होता.

"काका, माझी सीट कुणी चोरली?" तिनं सेल्समनला विचारलं.

सेल्समन हसला. "चोरली नाही गं, बाळा. वेगासाठी वजन कमी करतात, म्हणून टॉपला मागची सीट नसते. बेसला असते."

"मग मी काय डिकीत बसू? बाबा, सांग ना यांना, ही नको म्हणून!"

बाबांचा हात स्टिअरिंगवरून फिरतच राहिला. शाल्मलीला धक्काच बसला. बाबाला विचार करावा लागतोय?

ती रडली नाही. पांढऱ्या गाडीची पुढची सीट वाकवून ती मागे जाऊन बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "बाबा, मी बसले. आता तू ये."