चिखलात रुतलेली गाडी

बहीणभावांनी चार वर्षं खपून बनवलेला युद्धाचा संगणक-गेम सकाळी बाजारात आला. दुपारपर्यंत जेमतेम एकोणीस प्रती गेल्या. “जाहिरातीत एकही तलवार नाही,” धाकटा करवादला. “दीड मिनिट नुसती चिखलात रुतलेली धान्याची गाडी! ताई, कोण घेईल?” “सैन्य उपाशी राहिलं की तलवारी काय चाटायच्यात?” ताईने सुनावलं. प्रकाशकाचा फोन आला: गेममधल्या गाड्या काढा, पहिल्याच मिनिटाला लढाई घाला, नाहीतर करार रद्द. “कळवतो,” धाकटा म्हणाला. ताईने टेबलावरची काड्यापेटीची गाडी मुठीत घेतली; गेम कागदावर असताना हीच पहिली सोंगटी होती. एका गिऱ्हाईकाचा निरोप पडद्यावर आला: “तीन तास झाले, गाडी चिखलातच. बैल वाढवू की माल उतरवू? थांबा, सांगू नका. मीच काढतो.” निरोप दोनदा वाचून धाकट्याने प्रकाशकाला फोन लावला. “साहेब, गाडी राहणार. करार खुशाल फाडा.”